शेलारकाकांचा भोंगा

मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, आणि आता या वयात कळून घ्यायची हौसही नाही. तरी हॅमिल्टनमधल्या आमच्या शेवटच्या दोन हिवाळ्यांत माझे बहुतेक शनिवार एका बेसबॉलच्या मैदानावर कुडकुडण्यात गेले. याला एकटे शेलारकाका जबाबदार.

मधुकर शेलार. माझा नवरा दूध-पावडरीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता, तिथेच ते इलेक्ट्रिकलला होते. वय साठीकडे झुकलेलं, उंची बेताची, डोक्याला लोकरीची माकडटोपी. दोन हजार पाच-सहा साली अख्ख्या न्यूझीलंडमध्ये माकडटोपी घालून फिरणारे ते एकटेच असावेत. घरात त्यांचा आवाज इतका बारीक, की काकू दोनदा 'काय?' विचारल्याशिवाय त्यांना भाजी वाढत नसत. काका मूळचे पुण्याच्या पेठेतले आणि मी डोंबिवलीची, त्यामुळे पहिल्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारलीच नाही.

"काय डोंबिवली, हॉस्पिटलात आहेस म्हणे?"

"फार्मसीत आहे काका."

"म्हणजे हॉस्पिटलातच ना. मग शनिवारी मैदानावर ये. फर्स्ट-एडच्या पेटीशेजारी कुणीतरी बसायला लागतं, क्लबचा नियम आहे."

"अहो, मी फार्मसिस्ट आहे. मला गोळ्या देता येतात, हाडं बसवता येत नाहीत."

"हाड मोडलं तर गोळी दे," काका म्हणाले, आणि विषय संपला.

तर ते मैदान. स्टेडियम म्हणायचे सगळे त्याला, पण आपल्याकडच्या नगरपालिकेच्या शाळेचं पटांगण त्याहून ऐसपैस असेल. फलंदाज उभा राहतो त्याच्या मागे पत्र्याच्या छपराखाली लाकडी बाकांच्या चार-पाच रांगा. त्यांच्या वर, लाकडी खांबांवर उभी केलेली एक खोली, तिला सगळे बॉक्स म्हणत. स्कोअर लिहिणारा आणि माईकवर बोलणारा तिथे बसणार. समोर मैदान, मैदानापलीकडे तारेचं कुंपण, कुंपणाला गवत कापायचं मशीन आत आणायला एक फाटक. फाटकाच्या उजव्या हाताला लाकडाची मोठी वखार, तिच्या पत्र्याच्या शेड. आणि डाव्या हाताला उतार, उताराखाली नदी.

हिवाळ्यात हॅमिल्टनला नदीवरून धुकं येतं. धुकं म्हणजे आपलं लोणावळ्याचं फोटो काढायचं धुकं नव्हे. हे जाड असतं, आणि ते कुठे जात नाही. सकाळी मॅच असली की पंच फलंदाजाच्या जागी उभा राहून बघायचा, की कुंपण दिसतंय का. दिसेपर्यंत खेळ सुरू करायचा नाही. खेळाडू आपापल्या जागी जाऊन उभे राहायचे आणि एकेक करून नाहीसे व्हायचे. मग आतून नुसता चेंडू झेलल्याचा आवाज यायचा, थप्प, थप्प. कोण झेलतंय ते दिसायचं नाही. मी पेटी मांडीवर घेऊन बसायची आणि मनात म्हणायची, आपण घरी गरम पोहे खात बसलो असतो.

बाकांवरच्या त्या बॉक्समध्ये काकांचा मुक्काम. तिथे ते कसे पोचले, तर क्लबचा लाऊडस्पीकर बिघडला होता आणि कंपनीतल्या कुणीतरी काकांचं नाव सुचवलं. काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेले, स्पीकर दुरुस्त केला, तपासायला म्हणून माईकमध्ये बोलले, आणि क्लबचा अध्यक्ष ग्रॅहम खाली मैदानात गवत कापत होता तो मशीन बंद करून वर बघत राहिला. त्या दिवसापासून माईक काकांचा.

माईकचीही त्यांची एक पद्धत होती. खिशातून धुतलेला, इस्त्रीचा रुमाल काढायचा, माईकच्या तोंडावर बांधायचा, बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचं आणि म्हणायचं, "हॅलो, माईक टेस्टिंग, वन, टू, फोर." तीन म्हणायचे नाहीत. शुभकार्याच्या सुरुवातीला तीन म्हणू नये. आता बेसबॉल हा खेळच तिनाचा. तीन चेंडू हुकले की गडी बाद, तीन गडी बाद की डाव संपला. काका बिचारे "वन, टू आणि एक" असं म्हणून वेळ भागवायचे. पहिल्या महिन्यात लोक हसले, दुसऱ्या महिन्यात बाकांवरची मंडळीच ओरडायला लागली, "टू अँड वन, मेट!" अमेरिकेतल्या लहानसहान लीगमध्ये खेळून आलेला एक पाहुणा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, त्या वर्षी क्लबात होता. तो मला म्हणाला, "मी चाळीस माणसांसमोर खेळलोय, पावसात खेळलोय, कुत्रं चेंडू घेऊन पळालंय. पण हे असलं कुठे ऐकलं नाही."

काकांचा खरा हातखंडा निराळाच होता. हरवलेलं पुकारणं. पुण्यात त्यांच्या आळीच्या गणपती मंडळात वर्षानुवर्षं त्यांचं तेच काम होतं. मिरवणुकीच्या गर्दीत सुटलेली पोरं स्टेजवर आणून द्यायची आणि शेलारांनी पुकारायचं. निळा सदरा, खाकी चड्डी, नाव बंड्या सांगतो, याच्या पालकांनी जिथे असतील तिथून मंडपाजवळ यावे. इथेही त्यांनी तेच सुरू केलं. एकदा बाकाखाली एक निळी जांडल सापडली, जांडल म्हणजे आपली रबरी सपाता. काकांनी खेळ थांबवून जाहीर केलं, की डाव्या पायाची निळी जांडल बॉक्सपाशी वाट पाहत आहे, उजवीनं जिथे असेल तिथून यावं. बोलायचे इंग्रजीत, पण चाल इतकी मंडळाची, की मला ते आपोआप मराठीतच ऐकू यायचं. एक जाडजूड सामोअन गृहस्थ एका पायानं लंगडत लंगडत बॉक्सपर्यंत आले तेव्हा अख्ख्या मैदानानं टाळ्या वाजवल्या.

आता त्या भोंग्याबद्दल सांगायला हवं. मैदानावर मुळात चार कर्णे होते, चार कोपऱ्यांत. काकांनी दुरुस्ती करताना तीन उतरवून ठेवले आणि एकच ठेवला, बॉक्सच्या छपरावर, तोही तोंड मैदानाकडे, म्हणजे बाकांवर बसलेल्यांकडे पाठ करून. ग्रॅहम वैतागला. बसलेल्या लोकांनाच ऐकू येत नाही म्हणे.

"इथे बसलेले कुठे हरवलेत?" काका म्हणाले.

याचा परिणाम असा, की खेळाडूचं नाव काकांनी घेतलं की ते आमच्या डोक्यावरून आधी धुक्यात जायचं, वखारीच्या पत्र्यावर आपटायचं आणि मग परत यायचं. आम्ही ऐकायचो ते परत आलेलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. वाटलं, पलीकडून कुणीतरी दुसराच माणूस नावं घेतोय.

एकच भोंगा का, हे त्यांनी मला एकदा सांगितलं. त्या दिवशी धुकं दुपारपर्यंत हललं नाही. मी वर बॉक्समध्ये चहा प्यायला गेले होते. काका चिवड्याचा डबा उघडून बसले होते.

"मी बावीस-तेवीसचा असेन," ते म्हणाले. "विसर्जनाच्या दिवशी दुपारी कुणीतरी एक मुलगी आणून दिली. लाल परकर. मी पुकारायला लागलो. पुकारतोय, पुकारतोय, आई येईना. पोरगी रडून रडून माझ्या मांडीवर झोपली. ऊन उतरायला लागलं तेव्हा ती बाई आली. पायांत चप्पल नाही, घसा पार बसलेला. म्हणाली, भाऊ, तुमचा आवाज पहिल्यापासून ऐकू येत होता हो. पण चारी चौकांत भोंगे. इकडे धावले तर आवाज तिकडून, तिकडे धावले तर इकडून. सगळी दुपार ती बाई आपल्या पोरीच्या नावाभोवती फिरत होती, डोंबिवली. शंभर पावलांवर."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"हरवलेल्याला आवाज एकाच बाजूनं यायला पाहिजे," काका म्हणाले आणि त्यांनी चिवडा माझ्यापुढे सरकवला.

दुसऱ्या हिवाळ्यात, मे महिन्यात, आंटी हेनी आल्या.

त्या माओरी, सत्तरीच्या पुढच्या. अंगाभोवती चौकडीचं ब्लँकेट, डोक्याला विणलेली टोपी, पाय दुखरे. आधी मी त्यांना मैदानावर पाहिलं नव्हतं. मॅच चालू होती, धुकं अर्धवट उठलेलं होतं, म्हणजे खेळाडूंचे पाय दिसत होते आणि डोकी नव्हती. आंटी कठड्याला धरून बॉक्सच्या पायऱ्या चढल्या. मी खाली होते, पण खिडकी उघडी असल्यामुळे सगळं ऐकू आलं.

"माझा मुलगा अजून आला नाही," त्या म्हणाल्या.

काकांनी रुमाल ठीक केला. "नाव?"

"टामा."

"आडनाव?"

"नुसतं टामा म्हण. त्याला कळेल."

"अंगात काय?"

"हिरवा स्वेटर. मी विणलेला."

चूक झाली ती इथे. काकांनी वय विचारलं नाही. मंडळात वय विचारायची वेळच येत नाही, हरवतात ती पोरंच. आणि समोर आजी उभी असली तरी तिनं 'माझा मुलगा' म्हटल्यावर काकांच्या डोळ्यांपुढे पाच-सहा वर्षांचं पोरच आलं असणार. त्यांनी पेरानं माईक वाजवला.

"टामा, हिरवा स्वेटर. जिथे असशील तिथून बॉक्सपाशी ये. तुझी आई तुझी वाट पाहते आहे."

पिचरनं हात उचलला होता तो खाली आणला. फलंदाजानं बॅट टेकवली. मैदानात उभे असलेले सगळे, आपल्या आणि समोरच्या संघाचे, एकाच वेळी फाटकाकडे वळले. बाकांवर कुणीतरी "ओह, नो" असं हळूच म्हणालं. मग वखारीवरून ते परत आलं. तुझी आई तुझी वाट पाहते आहे. आणि त्याच्या मागोमाग भोंग्यात बारीकशी खरखर झाली.

ग्रॅहम धावत वर गेला. त्यानं काकांना काय सांगितलं ते मला नंतर कळलं. टामा या क्लबाचाच खेळाडू. वीस वर्षं होऊन गेली असतील, एका शनिवारी मॅच संपवून तो ईल पकडायला नदीवर गेला. ईल म्हणजे सापासारखा लांब मासा असतो, तो. होडी सापडली, टामा सापडला नाही.

मी काकांना पायऱ्या उतरताना पाहिलं. माकडटोपी हातात होती आणि चेहरा पांढरा. ते थेट आंटींपुढे जाऊन उभे राहिले. "मला माफ करा. मला माहीत नव्हतं."

आंटी बाकावर बसल्या होत्या, माझ्याच शेजारी. त्यांनी वर बघितलं. "तू थांबलास का? तुमच्यात एकदाच हाक मारतात?"

काका उभे राहिले तसेच. मग टोपी डोक्यावर चढवली, परत पायऱ्या चढले, आणि पुन्हा पुकारलं. त्या दिवशी डाव संपला की एकदा, असं ते शेवटपर्यंत पुकारत राहिले.

त्यानंतर दर शनिवारी आंटी यायच्या. त्यांना कुणीतरी गाडीनं सोडायचं, त्या माझ्या शेजारी बसायच्या, "किया ओरा, डिअर" म्हणायच्या आणि अर्धं ब्लँकेट माझ्या पायांवर टाकायच्या. आधी मला वाटलं होतं, म्हातारपण आहे, डोक्यानं साथ सोडली असेल. हॉस्पिटलात बघतो ना आपण. पण त्यांची अक्कल माझ्यापेक्षा शाबूत होती. एकदा मीच धीर करून विचारलं, की टामा येईल असं वाटतं का तुम्हाला.

"तो गेलाय, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या माराएवर, आमच्या कुळाच्या सभेच्या जागी, आम्ही त्याच्यासाठी रडलो, आमच्या रीतीनं त्याला हाक दिली. पण तो घरून नाही गेला. तो या मैदानावरून गेला. आणि इथून त्याला कुणी परत बोलावलं नव्हतं. या माणसानं बोलावलं." आणि बॉक्सकडे हनुवटी उडवून म्हणाल्या, "आवाज चांगला आहे त्याचा. घरात कसा बोलतो?"

"ऐकूच येत नाही," मी म्हटलं. त्या पोट धरून हसल्या.

शैलाकाकूंना मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. त्या मैदानावर यायच्या, पण गाडीतून उतरायच्या नाहीत. काचा वर करून, हीटर लावून, विणकाम करत बसायच्या. एकदा मला बोलावून घेतलं.

"तू तरी सांग गं त्यांना. दुसऱ्याच्या देशात येऊन दुसऱ्यांचे गेलेले कशाला बोलवायचे? आमच्या गावी म्हणायचे, हाकामारी येते, बाहेरून नावानं हाक मारते, ओ दिली की माणूस संपला. इथे तर हेच हाकामाऱ्या होऊन बसलेत."

"काकू, ते बिचाऱ्या बाईसाठी—"

"बाईसाठी ना, मग बाईला घरी जेवायला बोलावू. मी पुरणपोळी करते. पण हे थांबवा म्हणावं. मागच्या शनिवारी ते बोलले आणि काचेबाहेर त्या गवतवाल्या ग्रॅहमचं कुत्रं उठलं आणि फाटकाकडे तोंड करून बसलं. भुंकलं नाही, काही नाही. नुसतं बसलं. मी अथर्वशीर्ष म्हणायला लागले."

कुत्र्याचं खरं होतं. मीही पाहिलं होतं ते. दर वेळी बसायचं.

मी काकांना सांगितलं ते काकू म्हणाल्या म्हणून नव्हे, तर मलाच भीती वाटायला लागली होती म्हणून. एवढी शिकलेली बाई मी, पण पुकारा झाला की फाटकाकडे बघायची हिंमत व्हायची नाही, आणि न बघताही राहवायचं नाही. काका भोंग्याची वायर उलगडून बसले होते.

"ती खरखर ऐकतेस ना?" त्यांनी विचारलं.

"ऐकते."

"फक्त टामाला पुकारलं की येते. खेळाडूंची नावं घेताना येत नाही, जांडलला पुकारताना येत नाही. मी सगळं तपासलं. जोड तपासले, अर्थिंग तपासलं, माईक बदलून बघितला. मंडळात असा आवाज कधी यायचा माहितीये? दुसऱ्या टोकाला कुणी दुसरा माईक उचलला की. बोलायच्या आधी." त्यांनी वायर गुंडाळली. "इथे दुसरा माईकच नाही."

"काका, मग नका ना पुकारू."

"मला भीती वाटते गं," ते त्यांच्या घरातल्या आवाजात म्हणाले. "कुणी आलंच, तर पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. पण ती बाई पायऱ्या चढून आली होती. चढून आलेल्याला नाही कसं म्हणायचं?"

ऑगस्टमध्ये बाहेरगावच्या एका संघानं तक्रार केली. त्यांच्या एका खेळाडूला म्हणे पुकारा झाल्यावर चेंडू दिसेनासा झाला. ग्रॅहम माणूस वाईट नव्हता, टामाबरोबर तो स्वतः खेळलेला होता. तो बॉक्समध्ये आला, खुर्चीवर बसला, बराच वेळ हात चोळत राहिला.

"मेट, हे आता थांबवायला हवं. लोकांना कसंसंच होतं. मलाही होतं. या शनिवारी शेवटचं. त्यानंतर पुकारायचं असेल तर माईक दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल मला."

काकांना तो माईक म्हणजे काय होता, हे मी वेगळं सांगायला नको. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात, कंपनीत निवृत्ती जवळ आलेली, घरात काकू आणि टीव्ही. आठवड्यातला हा एक दिवस त्यांचा आवाज कुणीतरी ऐकत होतं. आणि तिकडे आंटी. त्यांना कुणी काय सांगायचं? ग्रॅहमनं ते काम काकांवर टाकलं. काकांनी माझ्यावर टाकलं. मी शनिवारी सकाळी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगितलं.

आंटींनी ऐकून घेतलं. "आज शेवटचं?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि नेहमीसारखं अर्धं ब्लँकेट माझ्या पायांवर टाकलं. हात मात्र ब्लँकेटच्या आत एकमेकांत घट्ट धरून बसल्या.

तो शनिवार माझाही तिथला शेवटचा ठरला. नवऱ्याला वेलिंग्टनला सरकारी खात्यात नोकरी लागली होती, पुढच्या आठवड्यात आमचं सामान हललं. काकांचे नंतर फोन येत राहिले, दिवाळीला, संक्रांतीला, बारीक आवाजात. पण डोळ्यांपुढे काका येतात ते त्या दिवसाचे.

धुकं इतकं होतं की पंचानं खेळ सुरू करावा की नाही यावरच वाद झाला. शेवटी सुरू झाला. पहिला डाव संपला, काकांनी पुकारलं. दुसरा संपला, पुकारलं. वखारीवरून आवाज परत येत होता, खरखर होत होती, कुत्रं जाऊन बसलं होतं. चौथ्या डावानंतर काकांनी पुकारलं तेव्हा त्यांचा आवाज थोडा फाटला. टामा, हिरवा स्वेटर. जिथे असशील तिथून ये. तुझी आई तुझी वाट पाहते आहे.

आणि फाटकाची कडी वाजली.

मैदानात कुणी हललं नाही. धुक्यातून एक माणूस आत आला. तो कडेकडेनं नाही आला, सरळ मैदानाच्या मधून चालत आला, खेळाडूंच्या मधून, आणि ज्याच्या ज्याच्या जवळून तो गेला त्यानं त्यानं एक पाऊल मागे घेतलं. टामा असता तर आता याच वयाचा असता, चाळिशीचा. आंटी उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचं ब्लँकेट माझ्या पायांत पडलं.

जवळ आल्यावर दिसलं, की अंगात नारिंगी जाकीट आहे, चमकत्या पट्ट्यांचं, वखारीतल्या कामगारांचं. केसांत लाकडाचा भुसा. तो बॉक्सच्या खिडकीखाली येऊन थांबला आणि त्यानं वर बघितलं.

"मी टामा," तो म्हणाला. "पलीकडे वखारीत असतो. मे महिन्यापासून तुम्ही मला बोलावताय."

आंटी कठड्याला धरून खाली उतरल्या. मी हात द्यायला गेले तर त्यांनी झिडकारला. त्या त्याच्यापुढे उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला, आणि खूप वेळ बघितलं. मग त्याच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं, त्यांच्यात भेटतात तसं. तो मुकाट्यानं वाकून उभा राहिला.

"माझा नव्हे," आंटी वळून काकांना म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "पण कुणाचा तरी आहे हा."

"मला ठाऊक होतं तुम्ही मला बोलवत नाही," तो म्हणाला. "हिरवा स्वेटर माझ्याकडे नाही. पोरं हसायची वखारीत, जा, आई बोलावतेय. मी मशीन चालू करायचो, म्हणजे ऐकू येऊ नये. आज मशीन बंद होतं."

"तुझी आई कुठे असते?" काकांनी विचारलं. मंडळातल्या सवयीनं विचारलं असणार, स्टेजवर आणून दिलेल्या पोराला विचारतात तसं.

"रोझ नाव तिचं. वर उत्तरेला असायची. मार्चमध्ये गेली." तो थांबला. "आमचं बोलणं नव्हतं. मी गेलो नाही."

ग्रॅहम पुढे आला, त्यानं त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि वर बघून काकांना हळूच म्हणाला, "चल मेट, खेळ सुरू करू या आता."

काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी रुमाल सोडला, झटकला, नीट घडी करून माईकवर परत बांधला. माईक पेरानं दोनदा वाजवला. मला कळलं ते काय करणार आहेत आणि मी मनात म्हटलं, नको हो काका, नको. गाडीची काच खाली आली होती, आतून काकू बघत होत्या.

"रोझ," काका म्हणाले. आवाज संथ होता, फाटलेला नव्हता. "टामाची आई रोझ. जिथे असाल तिथून बॉक्सपाशी या. तुमचा मुलगा तुमची वाट पाहतो आहे."

ते धुक्यात गेलं. वखारीवर आपटलं. परत आलं. भोंग्यात खरखर झाली, आणि या वेळी ती थांबली नाही, बारीक चालूच राहिली. पिचर, फलंदाज, पंच, ग्रॅहम, बाकांवरची सगळी माणसं आणि मी, आम्ही फाटकाकडे वळलो. तो नारिंगी जाकीटवाला तर केव्हाच वळला होता. वर खिडकीत काका अर्धे बाहेर झुकले होते, माकडटोपी मागे सरकलेली, माईक छातीशी धरलेला, आणि धुक्यात टक लावून बघत होते.

आंटी हेनी पायऱ्या चढून बाकावर परत आल्या. खाली पडलेलं ब्लँकेट उचललं, मांडीवर पसरलं, आणि जराशा माझ्याकडे सरकून त्यांनी पलीकडे एका माणसाची जागा केली.